पट्ट्यातली दोन बोटं

मुलीच्या लग्नाचं ठरवताना सुदामनं फोनवर विचारलं, जेवणाला किती माणसं धरू, आणि माझ्या तोंडून 'दोन' गेलं. मग तो म्हणाला, बरं, दोन धरतो, आणि त्यानं फोन ठेवला. आकडा दुरुस्त करायला मी परत फोन केला नाही.

बारा वर्षं मी लग्नांचं शूटिंग करतो, आणि बारा वर्षं आम्ही दोघं जात होतो. मी कॅमेरा धरायचो, माझी बायको नवशी लाईट धरायची. रानशेतपासून तलासरीच्या डोंगराखालच्या पाड्यांपर्यंत आमची दोघांची जोडी लोकांना माहीत होती. पण तिचं काम नुसतं लाईटचं नव्हतं. नवरी चालत येते, वऱ्हाड नाचत येतं, तेव्हा कॅमेरावाल्याला त्यांच्या पुढं राहून उलटं चालावं लागतं. डोळा स्क्रीनवर, दोन्ही हात कॅमेऱ्याला, आणि पाय मागं. मागं चूल असते, वायर असते, मांडवाचा खांब असतो, झोपलेलं कुत्रं असतं. नवशी एका हातानं लाईट उंच धरायची आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं माझ्या कमरेच्या पट्ट्यात अडकवायची. अर्धी वळून चालायची, म्हणजे उजेड नवरीवर आणि नजर रस्त्यावर. एकदा ओढलं की थांब. दोनदा ओढलं की पायरी. अंगठा टोचला की त्या बाजूला सरक. काहीच केलं नाही तर रस्ता मोकळा. लोक म्हणायचे, लाहूचं अंग हलकं आहे, बघा कसा मागं मागं जातो, पाय कुठं अडखळत नाही. मी त्यांना खरं सांगत नसे.

ती गेल्या पावसाळ्यात गेली. भाताची लावणी अर्धी झाली होती. अकरा दिवस ताप होता. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही.

पुढं लग्नसराई आली तेव्हा तीन कामं मी सोडली. कॅमेरा टॉवेलात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवला होता. आठवड्यातून एकदा बॅटरी चार्ज करायचो आणि परत ठेवून द्यायचो. होळीच्या सुमाराला डहाणूचा तुषार घरी आला. त्याचा स्टेशनजवळ स्टुडिओ आहे, ड्रोन आहे, चालताना कॅमेरा हलू न देणारा गिंबल आहे, हाताखाली चार माणसं आहेत. ओट्यावर बसला, पाणी प्यायला, नवशीबद्दल दोन शब्द बोलला. मग म्हणाला, कॅमेरा मला देऊन टाका, तुम्ही एकटे किती धावणार.

"माझ्यासोबत या ना काका," तो म्हणाला. "मला लाईटला माणूस पाहिजेच आहे. तुम्हाला सगळं माहीत आहे, शिकवायला नको."

त्यानं ते वाईट मनानं म्हटलं नव्हतं. पण बारा वर्षं कॅमेरा धरल्यावर दुसऱ्याच्या मागं लाईट धरून उभं राहायचं, हे माझ्या घशाखाली उतरेना. मी त्याला सांगितलं, सुदामच्या मुलीचं लग्न मी कबूल केलं आहे. ते एकट्यानं नीट निघालं तर कॅमेरा माझ्याकडं राहील. नाही निघालं तर ये आणि घेऊन जा, मीही येतो तुझ्याकडं. तो म्हणाला, चालेल.

मला वाटत होतं की निघेल. काम मला येतं. कोणाला किती अंतरावरून घ्यायचं, म्हाताऱ्या बाईला घेताना आपण खाली बसायचं, चालणाऱ्या माणसाच्या पुढं फ्रेममध्ये मोकळी जागा सोडायची, हे मला कुणी शिकवलेलं नाही आणि मी विसरणारही नाही. प्रश्न फक्त मागं चालण्याचा होता.

म्हणून मी तयारी केली. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसेल असा छोटा लाईट तलासरीच्या बाजारातून आणला. घरामागच्या खळ्यात विटा मांडल्या, पेटी ठेवली, बादली ठेवली, आणि सकाळच्या वेळी कॅमेरा डोळ्याला लावून उलटा चालायला लागलो. आधी सरळ चालून पावलं मोजायची, मग तीच पावलं मागं. पहिल्या दिवशी बादली लाथाडली. चौथ्या दिवशी कशालाही पाय लागला नाही. शेजारचा चैत्या म्हातारा कुडापाशी उभा राहून बघायचा. एकदा त्यानं विचारलं, असं उलटं चालून कुठं पोचणार आहेस. मी म्हटलं, सुदामच्या मांडवात.

सुदामचा पाडा तलासरीच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून दीड किलोमीटर आत आहे. हळदीच्या दिवशी मी दुपारीच गेलो. एप्रिलचं ऊन होतं, शेतं करपून भेगा पडलेल्या. मांडव जांभळाच्या डहाळ्यांनी शाकारला होता, मधे उंबराचा खांब. आतल्या खोलीत गेरूनं सारवलेल्या भिंतीवर बायका तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक लिहीत होत्या आणि गंगीबाय त्यांच्यामागं बसून गात होती. गंगीबाय ही तिथली धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई. आमच्याकडं तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. सुदामनं जेवणाच्या पंगतीत माझ्यासाठी दोन पानं मांडली होती. मी एकावर बसलो. दुसऱ्या पानावर पुष्पानं, म्हणजे सुदामच्या बायकोनं, भात वाढला आणि मग उचलून नेला.

जेवण झाल्यावर मी घराच्या दारापासून मांडवाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजली. बावीस भरली. वाटेतले दोन दगड उचलून बाहेर टाकले, बेंजोवाल्यांची वायर खांबावर बांधून घेतली, खुर्च्या कडेला लावल्या. परत मोजली, बावीसच.

चार वाजता नवऱ्याकडची हळद आली. नवऱ्याचा थोरला भाऊ नविन आणि पाच-सहा बायका जीपमधून उतरल्या. नवऱ्याला लावून उरलेली हळद पितळेच्या घंगाळात कालवून आणलेली होती, वर आंब्याची पानं. सुदामनं त्यांना हाताला धरून आणलं. त्याच वेळी आतून बायकांनी दक्षाला बाहेर काढलं. दक्षा सुदामची मुलगी, नवरी. लहानपणापासून मला ओळखते. नवशी लाईट घेऊन चालायची तेव्हा ही तिचा पदर धरून मागं मागं यायची.

मी दारासमोर कॅमेरा लावला. दक्षाचा चेहरा फ्रेमच्या थोडा उजवीकडं, डावीकडं मांडवाची मोकळी जागा. ती चालायला लागली तसा मी मागं निघालो. पाच, सहा, सात. चित्र पाण्यासारखं सरळ येत होतं. बाराव्या पावलाला दक्षा हसली, तेही मिळालं. मनात म्हटलं, निघालं.

सतराव्या पावलाला माझ्या पोटरीला काहीतरी गार लागलं. मी मोजलं तेव्हा तिथं काही नव्हतं. आता तिथं पाट होता आणि पाटावर घंगाळ होतं. तरीही मी सावरलो असतो. पोटरीला लागल्यावर माणूस पुढं झुकतो. मी झुकलो नाही. माझी कंबर ओढीची वाट बघत राहिली. तेवढ्यात तोल गेला आणि मी घंगाळात बसलो.

कॅमेरा दोन्ही हातांनी वर धरलेला होता, त्याला काही झालं नाही. मी कमरेपर्यंत हळदीत. घंगाळ कलंडलं, हळद पाठीवरून मानेपर्यंत गेली, उरलेली मांडवाच्या मातीत.

आधी सगळे हसले. हसण्यासारखंच होतं. खुर्चीवर बसलेली एक म्हातारी म्हणाली, "दुसऱ्यांची लग्नं काढता काढता लाहूलाच हळद लागली रं." कुणीतरी मागून म्हणालं, आता याला पण बघा एखादी. मग ज्यांना नवशीचं माहीत होतं ते थांबले, आणि त्यांचं बघून बाकीचे थांबले. बेंजोवाल्यानं वाजवणं बंद केलं.

नविन हसला नव्हता. तो पुढं आला आणि सुदामला म्हणाला, "ही आमच्या नवऱ्याच्या अंगाची हळद हाय. हिच्यात बायको मेलेला माणूस बसला. आता काय लावायचं पोरीला?"

सुदाम खाली बघत होता. नविननं खिशातून फोन काढला. डहाणूचा तुषार ओळखीचा आहे, तासाभरात येईल, तोवर हळदीचं काय ते बघा, असं तो म्हणाला. मी उठून उभा राहिलो होतो. हळद पाठीवरून पायापर्यंत गळत होती. पावलं मी बरोबर मोजली होती, हे कुणाला सांगणार. मनात मी कॅमेरा तुषारला देऊनही टाकला होता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आतलं गाणं थांबलेलं आहे. धवलेरी मधेच गाणं थांबवत नाही. गंगीबाय दारात आली. बुटकी बाई, हाताला कोपरापर्यंत तांदळाचं पीठ. तिनं आधी घंगाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग नविनकडं.

"माझा नवरा जाऊन वीस वर्षं झाली," ती म्हणाली. "तुझ्या बापाचं लगीन मी लावलं तेव्हा तो व्हता. तुझं लावलं तेव्हा नव्हता. तुझं लागलं ना?"

नविन म्हणाला, लागलं.

"मग फोन ठेव. नि बघ त्या भांड्याच्या काठाला चिकटून ऱ्हायली काय."

नविन वाकला. बोट फिरवून बघितलं. म्हणाला, आहे थोडी.

"थोडी म्हंजे तीच. नवी वाटा नि तिच्यात मिसळा."

बायकांनी लगेच पाटा धुवायला घेतला. नविननं फोन खिशात ठेवला, पण तोंड तसंच होतं. तो म्हणाला, हळदीचं मिटलं, पण हा माणूस परत कुणावर तरी पडेल. हे मात्र खरं होतं. गंगीबायनं माझ्या दंडाला धरलं. पीठ शर्टाला लागलं, तिच्या हाताला हळद लागली. तिनं मला आतल्या खोलीत नेलं आणि चौकासमोरच्या भिंतीला टेकवून जमिनीवर बसवलं.

"इथं बस," ती म्हणाली. "पडायचं असेल तर बसल्या जागी पड."

बायका हसल्या. मीही थोडा हसलो. मांडी घातली, कॅमेरा गुडघ्यावर टेकवला आणि स्क्रीन उघडली.

बारा वर्षांत मी लग्नाच्या घरात कधी जमिनीवर बसलो नव्हतो. उभा राहायचो, फिरायचो, वाकायचो. आता फ्रेम बघितली तर पाटा अगदी समोर होता. पाट्यावर दोन बायकांचे चार हात, बांगड्या, वरवंट्याखाली पिवळी होत जाणारी हळद. मागं गेरूच्या भिंतीवर पांढरा चौक, अजून अर्धा. दार माझ्या डाव्या हाताला होतं आणि साडेचारचं ऊन दारातून तिरकं आत येत होतं. पिठाची ओली रेघ त्यात चमकत होती, सुकलेली चमकत नव्हती. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा नवा लाईट मी काढून टाकला. नवशी असती तर तिनंही अशा वेळी लाईट बंद केला असता. ते तिला माझ्यापेक्षा चांगलं कळायचं.

गंगीबायनं गाणं पुन्हा धरलं आणि मी बटण दाबलं.

लग्नाच्या व्हिडिओत कुणी पाच सेकंदांच्या वर एक चित्र ठेवत नाही. मीही ठेवत नसे. झूम करायचा, बाजूला फिरवायचा, दुसऱ्या चेहऱ्यावर जायचं. त्या दिवशी मी काही हलवलं नाही. माणसं फ्रेममध्ये येत होती आणि जात होती. एक बाई येऊन पाट्यावर पाणी शिंपडून गेली. दक्षा येऊन चौकासमोर बसली, पाठमोरी, आणि कुणीतरी तिची वेणी मोकळी केली. पुष्पा दारातून आत आली, मुलीकडं बघितलं, विसरल्यासारखी परत बाहेर गेली. मला कुणाच्या मागं जायचं नव्हतं.

आमच्याकडं वारलेल्या माणसांनाही लग्नाला बोलावतात. गंगीबाय गाण्यात त्यांची नावं घेते, सुदामचा बाप, त्याची आई, वाघानं नेलेला एक चुलता. मी हे शंभर वेळा शूट केलं आहे, पण तेव्हा मी नावं ऐकत नसे, चेहरे शोधत असे. त्या दिवशी बसून सगळी ऐकली. शेवटी, सूर न बदलता, तिनं नवशीचं नाव घेतलं. रानशेतची नवशी, उजेड धरणारी. नवशी त्या पाड्याची नव्हती, त्या कुळाची नव्हती. पाट्यावरचे हात थांबले नाहीत. दक्षानं मान थोडी खाली घातली, मला तिची पाठच दिसत होती.

मी कॅमेरा चालूच ठेवला.

गाणं संपलं तेव्हा अकरा मिनिटं झाली होती. नवी हळद घंगाळात गेली, काठाची जुनी तिच्यात मिसळली. दक्षाला हळद लागली ती मी तिथंच बसून घेतली. पाठीवरची माझी हळद तोवर वाळून ताठ झाली होती.

रात्री सुदामकडंच झोपलो. सकाळी उठून मी मांडवाऐवजी शेताकडं गेलो. लग्न लागल्यावर नवरीला जीपपर्यंत चालत जायचं होतं, घरापासून बांधाबांधानं रस्त्यापर्यंत. अशा वेळी कॅमेरावाला नवरीच्या पुढं उलटा चालतो, रडणारे चेहरे जवळून घेतो. मी बांधाच्या वळणावर, ताडाच्या झाडाखाली जागा बघितली. पावलं मोजली नाहीत.

दुपारी लग्न लागलं. तेही मी गंगीबायजवळ बसूनच शूट केलं. मग सगळे निघायच्या आधी मी जाऊन वळणावर उभा राहिलो. फ्रेममध्ये डावीकडं सुदामचं घर आणि मांडव, मधून वाकडा बांध, बाकी मोकळं शेत. माणसं दुरून लहान दिसत निघाली. बेंजो पुढं, मग नवरा-नवरी, मग बायका. नविन घाम पुसत पुढं आला आणि माझ्याजवळ थांबला.

"हे काय, तुम्ही हलत का नाय? ती तिकडं रडते," तो म्हणाला.

"तुम्ही चला," मी म्हटलं. "मी बघतो."

तो दोन पावलं गेला, परत वळून बघितलं, मग गेला.

माणसं मोठी होत होत आली. बेंजोवाले बाजूनं गेले. दक्षा इतक्या जवळून गेली की तिच्या शालूच्या काठानं सगळी स्क्रीन भरली. मग ती फ्रेमच्या बाहेर गेली. मी कॅमेरा तिच्यामागं वळवला नाही. बायका गेल्या. शेवटी एक म्हातारी चपला हातात घेऊन गेली. मग बांध रिकामा झाला आणि धूळ खाली बसायला लागली.

तेव्हा त्या टोकाला, घराच्या कोपऱ्यावर, पुष्पा एकटी उभी दिसली. ती रस्त्यापर्यंत आली नव्हती. सगळ्यांना वाटत होतं की ती गर्दीत आहे. हातात दक्षाची सकाळची पाण्याची तांब्या-वाटी होती. तिनं तांब्यातलं पाणी कोपऱ्यावरच्या जांभळाच्या बुंध्याशी ओतलं, वाटी तांब्यावर पालथी घातली आणि आत गेली. मागून जीप सुरू झाल्याचा आवाज आला. मी आणखी थोडा वेळ चालू ठेवलं आणि बंद केलं.

घरी येऊन शर्ट धुतला. साबण लावल्यावर हळद लाल झाली, उन्हात वाळल्यावर परत पिवळी, थोडी फिकी. तीन आठवड्यांनी तुषार आला तेव्हा तो शर्ट दोरीवर होता. मी त्याला चहा दिला आणि काम दाखवलं. अकरा मिनिटांचं गाणं त्यानं पूर्ण बघितलं. मला वाटलं होतं, मधेच फोन काढेल. बघून झाल्यावर म्हणाला, हे एवढं लांब लोक बघणार नाहीत काका, कापायला लागेल. मी म्हटलं, सुदामच्या घरी बघितलं. पुष्पानं ते बांधावरचं तीन वेळा मागं घ्यायला लावलं. तुषारनं अजून एकदा पाट्याची फ्रेम लावली आणि लाईट कुठला वापरला ते विचारलं. मी म्हटलं, दार उघडं होतं. तो निघताना पेटीकडं बघत होता, पण कॅमेऱ्याचा विषय त्यानं काढला नाही. लाईटच्या माणसाचाही नाही.

अक्षय्य तृतीयेच्या आधी नविनचा फोन आला. आवाज आधी मला ओळखू आला नाही. त्याच्या बहिणीचं, रविनाचं, लग्न मे महिन्याच्या शेवटी होतं. त्यानं तारीख सांगितली, पाडा सांगितला, हळद किती वाजता ते सांगितलं. घंगाळ या वेळी आम्ही वरच्या फळीवर ठेवू, असंही म्हणाला. मी म्हटलं, ठेवा.

मग त्यानं विचारलं, जेवणाला किती माणसं धरू.

"एक," मी म्हटलं. "नि चौकासमोर जमिनीवर जागा ठेवा. खुर्ची नको."